मोमिनाबादच्या वाटेवरची निळी ठिणगी

बिंदुसरा ओलांडताना आमची मोटार पहिल्यांदा खोकली. सकाळची कोवळी उन्हं, नदीला घोटाभर पाणी, आणि मागं दारात आमच्या नणंदबाईंनी ओवाळून टाकलेला भाकरतुकडा अजून कावळ्यानं उचललाही नसेल, इतक्यातच हे. गाडी हाकणाऱ्या करीमभाईंनी मागं वळून बघितलं नाही. शेजारी बसलेल्या मालकांनी मात्र मान एका अंगाला कलती केली आणि हळूच म्हणाले, "तिसरं घर गप हाय."

मालक म्हणजे आमचे यजमान. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालकच म्हणतात. आणि घर म्हणजे इंजिनातलं घर. मोटारीच्या इंजिनात अशी चार घरं असतात, चारीत आळीपाळीनं ठिणगी पडते, तेव्हा ती पळते. एक जरी गप बसलं तरी गाडी लंगड्या बैलासारखी चालते. हे मला मालकांनीच शिकवलेलं.

कुठं निघालो ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मोटारीतच अडकून बसली. आम्ही निघालो होतो मोमिनाबादला (म्हणजे आपलं अंबाजोगाईच, निजामाच्या अमदानीत कागदोपत्री मोमिनाबाद, तोंडात मात्र आंबा). मालकांचा डावा डोळा मागंच गेला होता. उजव्यात दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, कपाळ ठणकायला लागलं. हकिमाचा सुरमा झाला, मध झाला, जोगाईला नवस झाला. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. गेलं ते परत यायचं नाही, उरलं असेल तेवढं मात्र शस्त्रक्रियेनं राखता येईल. राखणारा एक मोठा साहेब डॉक्टर मोमिनाबादच्या छावणीत उतरला होता आणि तो आज दिवस मावळायला हलणार होता. पुन्हा येईल तो पुढच्या साली, आला तर.

उरलंय किती, हे मी मालकांना रोज विचारायची. उजेड कळतो का? ते म्हणायचे, कळतो. तेवढ्या एका शब्दावर मी उठत होते, बसत होते.

आता मोटारीचं. ती आमची ऐपत नव्हे. मालक कापसातली सरकी काढायच्या जिनिंगात इंजिनावर होते, हात फार कसबी. कुणा तालुकदारसाहेबांच्या (जिल्ह्याच्या अंमलदाराच्या) तबेल्यात ही मोटार मोडून पडली होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मालकांनी ती मागून आणली आणि जिनिंगातून आल्यावर कंदिलाशी बसून एकेक तार नवी ओढली. डोळे गेले तसे चालवायचं थांबलं, म्हणून करीमभाईंना शिकवलं. करीमभाई त्यांना उस्ताद म्हणत. चालवायचे झकास, पण झाकण उघडायचं म्हटलं की दूर जाऊन बिडी पेटवायचे.

त्या दिवशी मोटार नुसती चमकत होती. नुकताच दसरा झाला होता. आमच्या नणंदबाई, गोदूताई, दसऱ्याला घरातलं पितळ घासतात तसं त्यांनी मोटारीचंही घासलं होतं. दिवे, भोंगा, सगळं सोन्यासारखं. भाऊ डोळे करायला चाललाय, तर त्यानं झळाळत जावं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा घासलं.

पालीपाशी थांबलो. मालक उतरले, बोटांनी चाचपत झाकण उघडलं. ठिणगी जिथं पडते ते प्लग काढायला लावले. तिसरा काजळीनं काळाकुट्ट. मी पदरानं पुसला, टोकाची काजळी करीमभाईंकडून पात्यानं खरवडून घेतली. परत बसवला. गाडी चालली, पण चारपाच बाभळी मागं पडल्या नाहीत तोच पुन्हा तिसरं घर गप, आणि आता पहिलंही.

घाट सुरू झाला तिथं मात्र ती उभीच राहिली. अंगात वारं शिरून निघून जावं तशी. दोन्ही अंगाला सीताफळीच्या झाडांनी डोंगर भरलेले, माकडं, वर निळं स्वच्छ आभाळ. एरवी मी म्हटलं असतं, काय जागा आहे, इथं भाकरी खावी. त्या दिवशी ते सगळं मला वैऱ्यासारखं वाटलं.

सीताफळाच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या बायका थांबल्या. त्यातली एक म्हातारी पाटी टेकवून मालकांपुढं बसली. "घ्या बाबा, डोळं उघडल्यात बगा." सीताफळ पिकायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावतात, त्याला आमच्याकडं डोळे उघडणं म्हणतात. मालकांनी एक फळ हातात घेऊन अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हां, चांगले उघडल्यात." म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

तिनं विचारलं, गाडी का म्हणून थांबली? करीमभाई म्हणाले, "मां, ये गाडी नै, सौत है. जित्ता मनाव, उत्ता रूठती." बायका हसल्या. मालक हसले नाहीत. ते तारा चाचपत होते. एकेक तार दोन बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, जपमाळ ओढावी तशी. एका जागी बोटं थांबली. उंदरानं वरचं सूत कुरतडलं होतं, तांबं उघडं पडलं होतं. "सापडलं," मी म्हटलं. माझ्या जिवात जीव आला. शिदोरीच्या फडक्याची चिंधी फाडली, कुंकवाच्या डबीतलं मेण लावून गुंडाळली. करीमभाईंनी हँडल मारलं आणि मोटार चक्क सुरू झाली. बायकांनी भोंगा वाजवायला लावला. मी त्या म्हातारीला धपाटी (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) दिली, तिनं माझ्या ओटीत सीताफळं घातली.

मालक एवढंच म्हणाले, "ही तार पहिल्या घराची. तिसऱ्याचं काय, ते न्हाई कळलं."

मला ऐकायचं नव्हतं. मांजरसुंब्याच्या माथ्यावर गाडीवानांचे बैल सुटलेले, चुलींचा धूर. आम्ही थांबलो नाही. थांबवली तर सुरू होणार नाही याची धास्ती. तिथून लिंबागणेशाची वाट फुटते. बसल्या जागेवरून मी गणपतीला हात जोडले आणि मनात म्हटलं, एवढी संध्याकाळ गाठून दे, मग मी चालत येते.

नेकनूरच्या अलीकडं उघड्या माळावर मोटार पुन्हा मेली. या खेपेला खोकलीही नाही. चारी घरं एकदम गप.

मी उतरून मैलाच्या दगडावर बसले. सावली पायाखालून पुढं सरकायला लागली होती. केज राहिलं, होळ राहिलं, मोमिनाबाद कुठल्या कुठं राहिलं. बैलगाडीनं गेलो तर उद्या पोचणार. रस्त्यावर दुसरी मोटार दिसायची शक्यताच नव्हती. मी रडत नव्हते, पण दगडासारखी झाले होते. करीमभाई हँडल मारमारून घामाघूम झाले, शेवटी त्यांनी हँडल खाली ठेवलं आणि म्हणाले, "उस्ताद, अब अल्लाच मालिक."

"अल्ला हाय," मालक म्हणाले, "पण त्याला तारा कळत्यात का?"

मग त्यांनी जे केलं ते सांगते, कारण मोटारीचा आजार कसा हुडकावा हे मी तिथं बघितलं. मोटारीत चालवणाऱ्याच्या पुढ्यात एक लाकडी पेटी होती. तिच्यात विटेएवढ्या चार लाकडी कांड्या, प्रत्येक घराची एक. त्यांतूनच ठिणगीची वीज तयार होते. वीज असली की कांडी भुंग्यासारखी गुणगुणते. मालकांनी पेटीला कान लावला आणि हँडल मारायला लावलं. गुणगुण होती. चारींची होती. तिसरीची जरा दबलेली.

"भुंगा बोलतोय," ते म्हणाले, "मंग वीज हाय. प्लगापर्यंत येत न्हाई, म्हंजे वाटेत कुठंतरी पळती."

तिसरी कांडी काढून पहिलीच्या जागी घातली, पहिली तिसरीच्या. खोड कांडीत असेल तर ती कांडीसोबत पहिल्या जागी जाईल, असं त्यांचं गणित. पुन्हा हँडल. दबलेला आवाज तिसऱ्या जागेवरूनच. मालकांनी माझ्या बाजूला तोंड केलं. "कांडी चांगली हाय गं. जागाच नासलीय. पेटीत बघावं लागंल. अंधार पायजे."

भर उन्हात अंधार आणायचा कुठून? जवळच मेंढरं चारत एक धनगर उभा होता, केव्हाचा तमाशा बघत. त्याच्या खांद्यावरची घोंगडी मागितली. त्यानं दिली, पण बिनशेऱ्याची दिली नाही. आम्ही दोघं पेटीवर वाकलो, करीमभाईंनी वरून घोंगडी टाकली, तसा तो म्हणाला, "काय बे ड्रायव्हर, म्हातारपणी लगीन लावून दिलंस का ह्यांचं? आंतरपाट तरी धरायचा." करीमभाई म्हणाले, "तू मंगलाष्टका बोल, मैं हँडल मारतूं." घोंगडीच्या आत मालकांचे खांदे हलले. कितीतरी दिवसांनी हसत होते.

आत मेंढरांचा वास, आणि मिट्ट काळोख. "आता सांग," मालक म्हणाले, "काय दिसतं?"

हँडल फिरलं. आणि मला दिसलं. पेटीच्या आतल्या लाकडावर, कांड्यांना जोडणाऱ्या पितळी बटणांच्या आजूबाजूला, बारीक ठिणग्या सरपटत होत्या. मुंग्या लागाव्यात तशा. एका बटणाकडून दुसऱ्याकडं, लाकडाच्या फटीतून, तांबूस, मिणमिणत्या.

मी सांगितलं. मालकांनी मान कलती केली. मग म्हणाले, "लाकडावरून वीज चालत न्हाई. लाकडावर काय तरी हाय. हात लाव. आधी हँडल थांबू दे."

मी बोट फिरवलं. बटणांभोवती राखी रंगाची साय धरली होती, ओलसर, चिकट. फटीतून एक तंतू निघाला. आम्हां बायकांना तो कुठंही ओळखू येईल, चिंचेची शीर होती ती. जिभेला लावून बघितलं. आंबट, खारट. चिंच आणि राख.

मी घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. ऊन डोळ्यांवर आदळलं. भोंग्याकडं बघितलं, दिव्यांकडं बघितलं, आणि गोदूताई माझ्या नजरेपुढं उभ्या राहिल्या. पदर खोचून, गुडघ्यावर बसून, पेटीचं झाकण उघडून. आत काळवंडलेली पितळी बटणं. दसऱ्याला घरातलं एक पितळ काळं राहिलं तर ज्या बाईला झोप येत नाही, तिनं ती कशी सोडावीत? घासली, पाण्याचा हात फिरवला, फडक्यानं कोरडी केली, झाकण लावलं. राखेनं दंव ओढून घेतलं आणि विजेला वाट झाली.

मालकांना सांगितलं तसे ते तिथंच धुरोळ्यात खाली बसले. म्हणाले, "ताईनं आणखीन काय घासलं असंल ते देव जाणे." मग अगदी हळू, "तिला सांगायचं न्हाई. कुणीच. करीम, तूबी."

"हौ उस्ताद."

डब्यातल्या पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून मी पेटी पुसली. करीमभाईंनी आपली बिडी आपणहून लांब नेऊन विझवली. बटणांच्या फटी मी अंबाड्यातल्या आकड्यानं कोरून काढल्या. मग पेटी उन्हात ठेवली. तो वेळ सांगण्यासारखा नाही. आम्ही ऊन मागत होतो, कारण पेटी वाळायला हवी. आणि ऊन सरकू नये म्हणत होतो, कारण डॉक्टर हलणार. एकाच उन्हाला दोन गाऱ्हाणी. धनगरानं दुधाचा तांब्या आणून दिला. ते दूध मी कसं प्यायले आठवत नाही.

पेटी बसवली. मालक म्हणाले, आता एक प्लग बाहेर काढून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवा, ठिणगी नीट पडते का बघू. पुन्हा घोंगडी. पुन्हा आम्ही दोघं आत. हँडल फिरलं. टक् असा बारीक आवाज आला, आणि मी काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "पडली."

मी म्हटलं, "दिसली तुम्हाला?"

"दिसली."

"कशी होती?"

"निळी."

निळीच होती. मीही बघितली होती, निळी, टपोरी, तुळशीच्या मंजिरीएवढी. मी घोंगडीतच त्यांचा हात धरला. चार माणसांपुढं मी आयुष्यात त्यांचा हात धरला नव्हता. त्यांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला.

पुढची वाट मला फारशी आठवत नाही. केज कधी गेलं, होळ कधी गेलं. चारी घरं एका सुरात बोलत होती. दोन्हीकडं कपाशी फुटलेली, कारळाची पिवळी फुलं, शेताशेतात पेरण्यांचे बैल. मी मालकांना सगळं सांगत होते, हे बघा, ते बघा. ते हां हां म्हणत होते. मी मनात म्हणत होते, ज्याला ठिणगी दिसते त्याला उद्या दिवा दिसेल, परवा माणसं दिसतील.

छावणीत पोचलो तेव्हा डॉक्टरसाहेबांचं सामान गाडीत चढत होतं. करीमभाई त्या सामानापुढं जाऊन उभेच राहिले. साहेब उंच, थकलेले, मोडकंतोडकं मराठी बोलणारे. त्यांनी पेट्या परत उतरवल्या, मालकांना आत अंधाऱ्या खोलीत नेलं, मलाही येऊ दिलं. हातातली विजेची बत्ती पेटवली आणि मालकांच्या उजव्या डोळ्याशी धरली.

"उजेड दिसतो?"

मालक समोरच तोंड करून बसले.

बत्ती या बाजूला नेली, त्या बाजूला नेली. आता? आता कुठे? मालकांची मान हलली नाही. साहेबांनी बत्ती मालवली. पुन्हा पेटवली, पुन्हा मालवली. मग खुर्ची ओढून समोर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले की बाई, इथं राखायला काही उरलं नाही. कापून उपयोग नाही. पुष्कळ दिवस झाले असतील.

मी म्हटलं, असं कसं? मी साहेबांना सगळं सांगितलं, घाईघाईनं, चुकतमाकत. पेटी, घोंगडी, हँडल. आज दुपारी ह्यांनी ठिणगी बघितली, साहेब. रंगसुद्धा सांगितला. निळी म्हणाले, आणि निळीच होती.

साहेब मालकांकडं वळले. विचारलं, खरं?

मालकांनी तोंड माझ्या बाजूला केलं आणि उत्तर मात्र साहेबांना दिलं.

"टक् ऐकू आलं. आन् चांगली ठिणगी निळीच असती, साहेब."

त्या खोलीतून मी कशी बाहेर आले ते विचारू नका. रात्र धर्मशाळेत काढली. मी त्यांना एकच विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, नवरात्र बसायच्या आधीपासून. मग आलात कशाला? म्हणाले, तू नवस बोललीस, ताईनं मोटार घासली, करीमनं नमाजात माझं नाव घेतलं. मी कुणाकुणाला न्हाई म्हणू? आणि मलाही वाटलं, साहेब काही वेगळं सांगंल.

सकाळी जोगाईच्या पायऱ्यांना बाहेरूनच हात लावला आणि परतीला लागलो. मोटार एकदाही थांबली नाही. नेकनूरच्या माळावर तो धनगर दिसला, त्यानं लांबून काठी उंच केली. मी हात हलवला. मालकांना सांगितलं नाही. मग वाटलं, आता न सांगून कसं चालेल? आता जे आहे ते माझ्याच तोंडून आहे. म्हटलं, "अहो, डाव्या अंगाला तो घोंगडीवाला उभा हाय. काठी दाखवतोय." त्यांनी लगेच त्या अंगाला हात वर केला. अगदी बरोबर त्याच्याकडं.

मी घरात बसणारी बाई. एवढी मोठी वाट मोटारीनं मी एकदाच गेले, आणि त्या वाटेबद्दल कुणी विचारलं तर डोंगर आठवत नाहीत, सीताफळं आठवत नाहीत. मला तो घोंगडीतला काळोख आठवतो. तिथं आम्ही दोघं सारखेच होतो. मला वाटलं होतं की दोघांना ठिणगी दिसते म्हणून सारखे. पण मालक पुष्कळ दिवसांपासून त्या घोंगडीतच बसले होते, आणि मी तेवढ्यापुरती आत गेले होते.

बिंदुसरा ओलांडली. दारात गोदूताई उभ्या होत्या, हातात तांब्या-भाकरी घेऊन. आमची तोंडं बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी भावाच्या डोळ्यांना पाणी लावलं, भाकरतुकडा उतरवला. डोळ्यांचं काही विचारलंच नाही. बाईमाणूस, काहीतरी बोलायला हवं म्हणून मोटारीकडं बघत म्हणाल्या, "पितळ तरी बरं दिसत होतं का रे? लई मेहनत घेतली मी."

मी पितळाकडं बघितलं. भोंग्यावर, दिव्यांवर बोटभर धुरोळा बसला होता, सोनं कुठंच नव्हतं.

मालकांनी चाचपत भोंग्यावर हात ठेवला. "लखलखत होतं, ताई. मोमिनाबादची माणसं उभी राहून बघत होती."

ताईंनी माझ्याकडं बघितलं.

"हो," मी म्हटलं. "लखलखत होतं."